प्रतिनिधी, मुखत्यार आणि अधिकार देणारा : परस्परांची कर्तव्ये आणि नात्याचा शेवट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुण्या-मुंबईतल्या सदनिकेची व्यवस्था भावावर सोपवून परदेशी गेलेले वाचक, बाजार समितीत अडत्याच्या गाळ्यावर माल उतरवणारे शेतकरी, वृद्ध आईवडिलांचे व्यवहार पाहणारी मुले आणि कमिशनवर विक्री करणारे लोक पुन्हा पुन्हा जे प्रश्न पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरांचा मुख्य आधार भारतीय करार कायदा, १८७२ याचे दहावे प्रकरण, म्हणजे कलमे १८२ ते २३८, हा आहे. दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्याला येथे 'प्रतिनिधी' म्हटले आहे, ज्याच्या वतीने काम होते त्याला 'अधिकारदाता', आणि लेखी कुलमुखत्यारपत्राने नेमलेल्या प्रतिनिधीला 'मुखत्यार'.

१. एजंट, दलाल, अडत्या, मुखत्यार हे सगळे कायद्याच्या दृष्टीने एकच का?

नावे वेगळी असली तरी कसोटी एकच आहे. दुसऱ्यासाठी एखादे कृत्य करायला किंवा तिसऱ्या माणसाशी व्यवहार करताना दुसऱ्याच्या जागी उभे राहायला ज्याला नेमले आहे, तो कलम १८२ नुसार प्रतिनिधी. अडत्या शेतकऱ्याचा माल शेतकऱ्यासाठी विकतो, म्हणून तो प्रतिनिधी आहे. तोच माल स्वतःच्या पैशाने घेऊन पुढे नफ्याने विकणारा व्यापारी मात्र प्रतिनिधी नाही, तो खरेदीदार आहे. हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण खाली सांगितलेली विश्वासाची कर्तव्ये प्रतिनिधीवर असतात, खरेदीदारावर नसतात. महाराष्ट्रात २०१६ साली फळे आणि भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला, तेव्हा 'आता अडत्या खरेदीदाराचा माणूस झाला का' असे अनेकांनी विचारले. कमिशन कोण देतो एवढ्यावरून प्रतिनिधी कोणाचा हे ठरत नाही. माल कोणाच्या वतीने विकला जात आहे, हे पाहावे लागते.

२. आमच्यात कागदही झाला नाही आणि मोबदलाही ठरला नाही. तरी हे नाते कायदा मानतो का?

मानतो. अधिकार शब्दांनी देता येतो, तसाच तो वागणुकीवरून आणि परिस्थितीवरूनही ठरतो (कलमे १८६ व १८७), आणि मोबदला नसला तरी हे नाते निर्माण होते (कलम १८५). गावाकडच्या घराचे भाडे दर महिन्याला गोळा करून तुम्हाला पाठवणारा चुलतभाऊ एक रुपयाही घेत नसला, तरी हिशोब देण्यास बांधलेला आहे. अधिकार देणारी व्यक्ती मात्र सज्ञान आणि सुदृढ मनाची असली पाहिजे.

३. प्रतिनिधीची माझ्याप्रती नेमकी कर्तव्ये कोणती?

पहिले कर्तव्य सूचना पाळण्याचे. सूचना दिल्या नसतील, तर त्या ठिकाणी त्या व्यवसायात जी रीत आहे तिच्याप्रमाणे वागण्याचे (कलम २११). कायद्याने स्वतःच दिलेले एक उदाहरण बाजारातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्या व्यवसायात उधारीवर विकण्याची रीत नाही, तेथे दलालाने माल उधार विकला. घेणाऱ्याची पत त्या वेळी उत्तम होती, पण पैसे देण्यापूर्वी त्याचे दिवाळे निघाले. नुकसान दलालाने भरून द्यायचे. 'माणूस चांगला होता' हा बचाव येथे चालत नाही, कारण चूक माणूस निवडण्यात झालेली नसून रीत मोडण्यात झालेली आहे.

दुसरे कर्तव्य कौशल्याचे आणि काळजीचे (कलम २१२). त्या धंद्यातल्या लोकांकडे सर्वसाधारणपणे जेवढे कौशल्य असते, तेवढे प्रतिनिधीने वापरलेच पाहिजे. त्याच्याकडे ते नाही हे तुम्हाला आधीपासून माहीत असेल, तर गोष्ट वेगळी. उधारीवर विकण्याची परवानगी असली, तरी घेणाऱ्याच्या ऐपतीची नेहमीची चौकशी न करता माल देणारा प्रतिनिधी याच कलमाखाली जबाबदार ठरतो.

तिसरे कर्तव्य मागितल्यावर व्यवस्थित हिशोब देण्याचे (कलम २१३, प्रश्न ४ पहा) आणि आपला वाजवी खर्च व मोबदला वजा करून आलेली रक्कम पोचती करण्याचे (कलम २१८). चौथे, अडचण आली तर शक्य तितक्या तत्परतेने तुमच्याशी संपर्क साधून सूचना मिळवण्याचे (कलम २१४). संपर्क होण्याची वाटच नसेल आणि माल नासत असेल, तर शहाणा माणूस स्वतःच्या मालासाठी करील ते सगळे करण्याचा अधिकार त्याला कलम १८९ देते. आज मोबाइल प्रत्येकाच्या खिशात असताना 'विचारायला वेळ मिळाला नाही' हे पटवून देणे कठीण जाते.

पाचवे आणि आमच्या मते सर्वांत मोलाचे कर्तव्य निष्ठेचे आहे. त्याचे उत्तर प्रश्न ५ मध्ये आहे.

४. अडत्या पट्टी (मालविक्रीचा लेखी हिशोब) देत नाही, मुखत्यार भाड्याचा हिशोब देत नाही. मागायचा हक्क किती काळ टिकतो?

हिशोबाची मागणी लेखी करा आणि पोच जपून ठेवा, कारण मुदत त्याच तारखेवर अवलंबून असते. मुदत कायदा, १९६३ च्या परिशिष्टातील अनुच्छेद ३ प्रमाणे, प्रतिनिधीकडे आलेल्या आणि त्याने हिशोब न दिलेल्या जंगम मालमत्तेसाठी (पैसेही त्यातच आले) दावा ३ वर्षांच्या आत लावावा लागतो. नाते चालू असताना हिशोब मागितला आणि नाकारला गेला, तर ही ३ वर्षे नकाराच्या दिवसापासून मोजतात. तशी मागणीच झाली नसेल, तर नाते संपल्याच्या दिवसापासून. निष्काळजीपणाबद्दल किंवा गैरवर्तनाबद्दल दावा असेल, तर अनुच्छेद ४ प्रमाणे ते तुम्हाला कळल्यापासून ३ वर्षे. भावाभावांत 'बघू, दिवाळीला बसू' असे म्हणत वर्षे निघून जातात आणि हक्काचा दावा मुदतबाह्य होतो, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

पैसे अप्रामाणिकपणे स्वतःसाठी वापरले असतील, तर प्रश्न केवळ दिवाणी राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३१६ दलाल आणि प्रतिनिधी यांनी केलेल्या विश्वासघाताला अधिक कडक शिक्षा सांगते. परंतु हिशोबातली प्रत्येक तफावत हा गुन्हा नव्हे. त्यामागचा अप्रामाणिक हेतू सिद्ध करावा लागतो.

उलट बाजूही आहे. सगळी कागदपत्रे अधिकारदात्याच्या ताब्यात असतील आणि त्यांच्याशिवाय आपले कमिशन किती हे प्रतिनिधीला कळूच शकत नसेल, तर अशा विशेष परिस्थितीत त्यालाही अधिकारदात्याकडून हिशोब मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे.

५. मी विकायला सांगितलेली जमीन मुखत्याराने मेव्हण्याच्या नावावर स्वतःच घेतली. काय करता येईल?

तुमची संमती न घेता आणि सगळी महत्त्वाची माहिती तुम्हाला न देता प्रतिनिधीने स्वतःशीच व्यवहार केला असेल, तर त्याने महत्त्वाची गोष्ट अप्रामाणिकपणे लपवली किंवा तो व्यवहार तुमच्या तोट्याचा ठरला, यांपैकी एक दाखवून तुम्हाला तो नाकारता येतो (कलम २१५). दोन्ही दाखवावे लागत नाही. शिवाय अशा व्यवहारातून त्याला जो लाभ झाला असेल, तो मागण्याचा हक्क कलम २१६ देते. कायद्यातले उदाहरण असे : एकाने दुसऱ्याला ठरावीक घर आपल्यासाठी घ्यायला सांगितले, त्याने 'ते मिळत नाही' असे कळवून स्वतः विकत घेतले. ज्या किमतीला त्याने घेतले, त्याच किमतीला ते घर त्याला द्यावे लागते.

निष्ठेचा हा नियम कडक वाटतो, पण तसाच तो असायला हवा. दूर बसलेल्या माणसाला जागेवर काय चालले आहे हे दिसत नाही. त्याचे डोळे आणि कान म्हणजे प्रतिनिधीच. दोन्ही बाजूंकडून दलाली घेणाऱ्याने ती गोष्ट दोघांनाही आधी सांगितली पाहिजे, हेही याच तत्त्वातून निघते.

६. मुखत्याराने माझे काम परस्पर तिसऱ्यालाच सोपवले. हे चालते का?

जे काम त्याने स्वतः करायचे म्हणून स्वीकारले, ते त्याला दुसऱ्यावर सोपवता येत नाही. व्यवसायाची रीत तशी असेल किंवा कामाचे स्वरूपच तशी गरज निर्माण करीत असेल, तर तो अपवाद (कलम १९०). तुमच्या वतीने दुसरा माणूस नेमण्याचा अधिकार पत्रात स्पष्टपणे दिला असेल, तर तो दुसरा थेट तुमचाच प्रतिनिधी होतो. म्हणून मसुद्यात 'इतर मुखत्यार नेमण्याचा अधिकार' हे वाक्य सवयीने राहू देऊ नका. मूळ प्रतिनिधीचा अधिकार संपला, की त्याने नेमलेल्या उपप्रतिनिधीचाही संपतो (कलम २१०).

७. अधिकार देणाऱ्यावर काहीच बंधने नाहीत का?

आहेत, आणि ती हलकी नाहीत. प्रतिनिधीने अधिकारात राहून केलेल्या कायदेशीर कृत्यांमुळे त्याला जे सोसावे लागेल, ते भरून देण्यास अधिकारदाता बांधलेला आहे (कलम २२२). प्रतिनिधीने सद्भावनेने केलेल्या कृत्यामुळे तिसऱ्याच्या हक्काला बाधा येऊन त्याला पैसे भरावे लागले, तर तेही (कलम २२३). गुन्हा करायला सांगून 'मी भरपाई देईन' असे वचन दिले, तर त्या वचनाला मात्र कायद्यात किंमत नाही. अधिकारदात्याच्या हलगर्जीपणाने प्रतिनिधीला इजा झाली तर भरपाई द्यावी लागते. मालकाने स्वतः उभारलेली परांची नीट न बांधल्यामुळे जखमी झालेल्या गवंड्याचे उदाहरण कलम २२५ मध्येच आहे.

मोबदला सामान्यतः काम पूर्ण झाल्यावर देय होतो, आणि गैरवर्तन केलेल्या भागापुरता तो बुडतो. समजा प्रतिनिधीला १,००,००० रुपये वसूल करून चांगल्या तारणावर गुंतवायला सांगितले. त्याने ९०,००० नीट गुंतवले, पण १०,००० अशा तारणावर ठेवले जे वाईट आहे हे त्याला कळायला हवे होते, आणि त्यात २,००० बुडाले. संपूर्ण वसुलीचा आणि ९०,००० च्या गुंतवणुकीचा मोबदला त्याला मिळेल. उरलेल्या १०,००० चा मिळणार नाही, आणि २,००० त्याने भरून द्यायचे.

कमिशन आणि खर्च मिळेपर्यंत प्रतिनिधी त्याच्याकडे आलेला माल आणि कागद अडवून ठेवू शकतो (कलम २२१), वेगळे ठरले नसेल तर. वकिलांना मात्र फीसाठी पक्षकाराची कागदपत्रे अडवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले आहे.

८. हे नाते कोणकोणत्या प्रकारे संपते?

कलम २०१ मध्ये पुढील प्रकार आहेत : अधिकारदात्याने अधिकार काढून घेणे, प्रतिनिधीने काम सोडणे, काम पूर्ण होणे, दोघांपैकी एकाचा मृत्यू किंवा मनोविकलता, आणि अधिकारदाता न्यायालयाकडून दिवाळखोर ठरणे. एकाच विक्रीसाठी दिलेले मुखत्यारपत्र त्या खरेदीखताची नोंदणी झाली की आपोआप संपते. रद्द करणे वागणुकीतूनही होते : घर भाड्याने देण्याचा अधिकार दुसऱ्याला देऊन नंतर तुम्ही स्वतःच ते भाड्याने दिले, तर अधिकार काढून घेतल्यासारखेच आहे (कलम २०७).

९. मला कुलमुखत्यारपत्र रद्द करायचे आहे. ते फाडून टाकले तर पुरते का?

पुरत नाही, आणि या गैरसमजातून झालेले नुकसान आम्ही सर्वांत जास्त पाहतो. कलम २०८ नुसार अधिकार संपल्याचा परिणाम प्रतिनिधीवर त्याला कळल्यावर होतो, आणि तिसऱ्या माणसावर त्या तिसऱ्या माणसाला कळल्यावर. दोन्ही वेळा वेगळ्या आहेत. कायद्यातले उदाहरण मुंबईच्याच कापसाचे आहे. मद्रासच्या माणसाने मुंबईच्या गोदामातला आपला कापूस विकण्याचा अधिकार प्रतिनिधीला पत्राने दिला आणि नंतर दुसऱ्या पत्राने काढून घेतला. ते दुसरे पत्र मिळाल्यानंतरही प्रतिनिधीने कापूस विकला. घेणाऱ्याला फक्त पहिले पत्र माहीत होते. त्याने पैसे दिले आणि प्रतिनिधी ते घेऊन पळाला. घेणाऱ्याने दिलेले पैसे मद्रासच्या मालकाला दिल्यासारखेच धरले जातात, आणि तोटा मालकाचा.

म्हणून क्रम असा ठेवा. मुखत्याराला पोच मिळेल अशा टपालाने लेखी नोटीस द्या आणि मूळ पत्र व त्याच्या प्रती परत मागा. पत्र नोंदणीकृत असेल, तर रद्द करण्याचा दस्तही दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवा. त्यानंतर बँक, गृहनिर्माण संस्था, भाडेकरू, तलाठी कार्यालय, अशा ज्या ज्या ठिकाणी त्याने तुमच्या वतीने ते पत्र दाखवले असेल, त्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे कळवा. मालमत्ता मोठी असेल तर स्थानिक वृत्तपत्रात जाहीर नोटीसही द्या.

रद्द केल्याने मागचे पुसले जात नाही. मुखत्याराने आधीच केलेल्या व्यवहारांतून निर्माण झालेली बंधने कायम राहतात (कलमे २०३ व २०४).

१०. दोन वर्षांसाठी वितरक-प्रतिनिधी नेमले आणि आठ महिन्यांत काढून टाकले. मला पुन्हा कामावर घ्यायला लावता येईल का?

सहसा नाही. अधिकार काढून घेणे परिणामकारक होते; पण ठरलेल्या मुदतीआधी पुरेशा कारणाशिवाय काढल्याबद्दल भरपाई मिळते (कलम २०५). मुदत ठरलेली नसेल, तरी वाजवी पूर्वसूचना द्यावी लागते, नाहीतर सूचना न दिल्यामुळे झालेले नुकसान भरावे लागते (कलम २०६). हीच दोन्ही बंधने अचानक काम सोडणाऱ्या प्रतिनिधीवरही आहेत.

११. वडिलांनी मला कुलमुखत्यारपत्र दिले होते. ते गेले. आता त्यावर सदनिका विकता येईल का?

नाही. वडिलांच्या मृत्यूबरोबर तो अधिकार संपला, आणि सदनिका आता त्यांच्या वारसांची किंवा मृत्युपत्राप्रमाणे ज्याला मिळेल त्याची झाली. तुम्ही स्वतः एकमेव वारस असलात, तरी व्यवहार वारस म्हणून करायचा, मुखत्यार म्हणून नाही. मृत्यूची बातमी कळण्यापूर्वी मुखत्याराने सद्भावनेने कोणाला पैसे दिले असतील, तर ते देणे वैध ठरते. मृत्यू लपवून केलेल्या व्यवहाराला हे संरक्षण नाही.

एक कर्तव्य मात्र शिल्लक राहते. आपल्या हाती सोपवलेल्या हिताचे रक्षण करण्यासाठी प्रतिनिधीने वारसांच्या वतीने सर्व वाजवी पावले उचलली पाहिजेत (कलम २०९). गोदामातला माल भिजू न देणे, भाडे सुरक्षित ठेवणे, एवढेच. नवे व्यवहार करणे त्यात येत नाही.

१२. आईला स्मृतिभ्रंश झाला आहे. तिने चांगली असताना दिलेले पत्र अजून चालते ना?

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलांची अडचण खरी असते, म्हणून सविस्तर लिहितो. केवळ निदान झाले म्हणून अधिकार त्याच दिवशी संपत नाही. व्यवहार समजण्याची आणि आपल्या हिताचा विचार करण्याची आईची क्षमता गेली आहे का, हा खरा प्रश्न आहे. ती गेली असेल, तर कलम २०१ प्रमाणे अधिकार संपतो. इंग्लंडमध्ये क्षमता गेल्यावरही टिकणारे अधिकारपत्र २००५ च्या कायद्याने करता येते. भारतात सर्वसाधारण कुलमुखत्यारपत्राला तसे टिकाऊ स्वरूप देणारा कायदा नाही, आणि पत्रात तसे वाक्य घातल्याने ते टिकत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ खाली नेमलेला प्रतिनिधी उपचारांपुरता असतो, मालमत्तेसाठी नाही. अशा वेळी न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. बेशुद्धावस्थेतील रुग्णांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने जवळच्या नातेवाइकांना असे नेमले आहे. आजार सुरुवातीचा असेल आणि आईला अजून सगळे समजत असेल, तर बँक खात्याची संयुक्त व्यवस्था आणि मृत्युपत्र ही कामे तिच्या इच्छेने, डॉक्टरांच्या दाखल्यासह आताच करून घ्यावीत.

१३. पत्रात 'हे कुलमुखत्यारपत्र कधीही रद्द होणार नाही' असे लिहिले आहे. मग ते रद्द होतच नाही का?

त्या वाक्याने एकट्याने काही होत नाही. विषयवस्तूत प्रतिनिधीचे स्वतःचे हित असेल, तरच अधिकार त्या हिताला धक्का लागेल अशा रीतीने संपवता येत नाही (कलम २०२), आणि तो मृत्यूने किंवा मनोविकलतेनेही संपत नाही. जमीन विकून त्यातून आपले येणे वसूल कर, असा अधिकार सावकाराला दिला, तर ते हित झाले. विक्रीवर मिळणाऱ्या कमिशनची आशा म्हणजे हित नव्हे.

अडत्याच्या उचलीचा प्रश्न येथेच येतो. उचल घेऊन माल त्याच्या गाळ्यावर सोपवला आणि विकून वळती करायला सांगितले, तर त्या मालापुरता अडत्याचा अधिकार मध्येच काढून घेता येत नाही; कायद्यातले दुसरे उदाहरण आगाऊ रक्कम दिलेल्या कापसाच्या १,००० गाठींचे आहे. परंतु उचल बाकी आहे म्हणून पुढच्या हंगामात शेतात उभ्या असलेल्या, त्याच्याकडे कधीच न सोपवलेल्या पिकावर हे कलम आपोआप लागू होते, असे आम्हाला वाटत नाही. उचलीचे कर्ज फेडावेच लागेल, आणि माल तेथेच आणण्याचा वेगळा करार असेल तर तो मोडल्याचे परिणामही होतील; पण ते करारभंगाचे प्रश्न आहेत.

१४. साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र यांवर सदनिका घेतली. पूर्ण पैसे दिले. मी मालक झालो ना?

नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लँप विरुद्ध हरियाणा राज्य या निकालात स्पष्ट केले, की अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही; त्यासाठी नोंदणीकृत हस्तांतरण दस्तच लागतो. प्रश्न १३ मधील अपवाद तुमच्या अधिकाराचे रक्षण करू शकतो, मालकी देऊ शकत नाही. लिहून देणारा हयात आहे आणि तयार आहे, तोवर खरेदीखत करून घ्या.

१५. मी परदेशात आहे. पत्र तेथे करून पाठवले तर चालेल का?

चालते. दस्त नोंदणीला हजर करण्याचा अधिकार द्यायचा असेल, तर नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ३३ प्रमाणे ते नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी किंवा भारतीय वाणिज्य दूतावासाच्या अधिकाऱ्यासमोर करून प्रमाणित झालेले असावे. महाराष्ट्रात पोचल्यापासून ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. रद्द करताना प्रश्न ९ चा क्रम तुम्हालाही लागू आहे, आणि अंतरामुळे तो अधिकच काटेकोर पाळावा.

१६. गोव्यातील घरासाठी नवऱ्याने एकट्याने मुखत्यारपत्र दिले आहे. खरेदी करावी का?

थांबा. करार कायदा गोव्यातही तोच आहे, पण प्रतिनिधीचा अधिकार अधिकारदात्याच्या अधिकारापेक्षा मोठा होऊ शकत नाही. गोव्यात ज्या विवाहांना मालमत्तेच्या सामाईकतेची पद्धत लागू आहे, त्यांत स्थावर मालमत्ता विकायला पती आणि पत्नी दोघांची संमती लागते. पत्नीची सही किंवा तिने दिलेले स्वतंत्र मुखत्यारपत्र पाहिल्याशिवाय विसार देऊ नका.

१७. अधिकार काढून घेतल्यानंतर त्याने व्यवहार केला, पण तो माझ्या फायद्याचा आहे. मी तो मान्य करू शकतो का?

करू शकता. अधिकाराशिवाय तुमच्या वतीने केलेले कृत्य नंतर मान्य केले, तर ते सुरुवातीपासून तुमच्या अधिकाराने झाले असे धरतात (कलम १९६). मात्र सगळी वस्तुस्थिती माहीत असताना दिलेलीच मान्यता खरी, आणि व्यवहाराचा गोड भाग घेऊन उरलेला नाकारता येत नाही (कलमे १९८ व १९९). शिवाय तिसऱ्याचे नुकसान होईल किंवा त्याचा हक्क संपेल अशी मान्यता चालत नाही (कलम २००). ३ महिन्यांच्या नोटिशीने संपणारा भाडेपट्टा असेल आणि अधिकार नसलेल्या माणसाने तुमच्या भाडेकरूला नोटीस दिली असेल, तर ती तुम्ही मागाहून मान्य केल्याने भाडेकरूवर बंधनकारक होत नाही. नवी नोटीस स्वतः द्या; ३ महिने त्या दिवसापासून मोजले जातील.